वाचकांचे प्रश्न : ऑफिसच्या वाटेवरचा फूटपाथ

प्रश्न : आमच्या ऑफिससमोरचा रस्ता 12 मीटरचा आहे. दोन्ही बाजूंना फूटपाथ हवा, असं आम्ही नोकरदार म्हणतो. पार्किंग गेलं तर धंदा बसेल, असं दुकानदारांचं म्हणणं. क्षेत्रीय कार्यालयात बैठक ठरली आहे. तिथे नेमकं काय मागावं? (खराडी)

उत्तर : आधी रस्ता मोजा. विकास आराखड्यात 12 मीटर लिहिलेलं असलं तरी जागेवर तेवढा मिळेलच असं नाही. कुणाच्या पायऱ्या पुढे आलेल्या असतात, कुणाचा जनरेटर. लांब टेप घेऊन दर 20 मीटरवर कुंपणापासून कुंपणापर्यंत माप घ्या आणि सर्वांत अरुंद जागेचा आकडा ठळक लिहा. सरासरी सांगू नका. चालणारा अडतो तो अरुंद जागीच.

मग बैठकीत हा हिशेब मांडा. येण्याजाण्याच्या दोन मार्गिका प्रत्येकी 3 मीटर, म्हणजे 6. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी लागते, डोक्यावर 2.2 मीटर मोकळी उंची. दोन्ही बाजू मिळून 3.6 झाले. उरले 2.4. त्यात एका बाजूला 2 मीटरची पट्टी बसते आणि बाकीच्यात दोन्हीकडचे कर्बचे, म्हणजे फूटपाथच्या कडेचे दगड. या पट्टीत पार्किंग, झाडं, विजेचे खांब, वीजवितरणाचे डीपी बॉक्स, सगळं घ्या. खांब फूटपाथच्या मधोमध आला की कागदावरचे 1.8 जागेवर 1.1 होतात, पुण्यातले बरेचसे फूटपाथ इथेच वाया गेले आहेत.

व्यापारी भागासाठी मानक 2.5 मीटर सांगतं. दोन्हीकडे तेवढे घेतले तर फक्त 1 मीटर उरतो आणि पार्किंग पूर्ण जातं. तेव्हा वाद ‘फूटपाथ हवा की नको’ असा न ठेवता 1.8 आणि पार्किंगची एक पट्टी, की 2.5 आणि पार्किंग नाही, एवढ्यावर आणा. दुकानदारांना हेही दाखवा, की एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाक्या राहतात. दिवसभर उभी राहणारी एक मोटार म्हणजे तेवढी गिऱ्हाइकं कमी.

रस्त्यावर उभी वाहनं कुणाची, तेही तपासा. इमारतीचा नकाशा मंजूर होताना आवारात पार्किंग दाखवावंच लागतं. तळघरात गोदाम केलं असेल किंवा कर्मचाऱ्यांना आत जागा देत नसतील, तर तो भार रस्त्यावर येतो. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाचं शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महापालिकेचं पादचारी धोरण 2016 पासून आहे. पदपथाचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटलं आहे. दोन्हींचा उल्लेख निवेदनात जरूर करा.

प्रश्न : आमच्याकडे नवा फूटपाथ झाला, पण प्रत्येक कंपनीच्या गेटपाशी तो खाली उतरतो आणि तिथलेच ब्लॉक खचलेत. असं का? (बाणेर)

उत्तर : गाडीला सोपं जावं म्हणून गेटपाशी अख्खा फूटपाथ रस्त्याच्या पातळीला आणतात. खरं तर उलट हवं : फूटपाथ सलग एकाच पातळीत आणि चढ गाडीने चढायचा. कर्बची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. उतार फूटपाथच्या कडेच्या पट्टीत द्यावा, चालण्याच्या भागात नाही. जिथे लोक रस्ता ओलांडतात तिथे मात्र 1:12 चा रॅम्प हवाच. 150 मिलिमीटर उंचीला त्याची लांबी 1.8 मीटर होते. व्हीलचेअर, ट्रॉली बॅग, बाळाची गाडी त्यावरूनच जाते.

खचण्याचं कारण थरांत आहे. नुसत्या चालण्याला 60 मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो. गेटवरून मालाचे टेम्पो आणि पाण्याचे टँकर जातात. तिथे 80 मिलिमीटरचा एम-40 (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) ब्लॉक आणि खाली काँक्रीट हवं. वाळूचा थर 25-30 मिलिमीटरच ठेवावा. खालचा उंचसखलपणा झाकायला तो जाड केला की चाकाखाली ब्लॉक बसतो. कडेला घट्ट दगड नसेल तर ब्लॉक बाजूला सरकतात, सांधे उघडतात आणि पहिल्याच पावसात वाळू वाहून जाते. इमारतीच्या गच्चीचा पाइप फूटपाथवर सोडलेला असेल तर आणखी लवकर. तो जमिनीखालून पावसाळी वाहिनीला जोडून घ्या.

काम चालू असताना एक बादली पाणी ओतून बघा. उतार 1:50, म्हणजे 2.5 मीटरला 5 सेंटिमीटर असेल तर पाणी रस्त्याकडे जातं; डबकं झालं तर तिथल्या तिथे दाखवा. चेंबरचं झाकणही ब्लॉकच्या पातळीत हवं. काम झालेलं असेल तर निविदेतला दोषदायित्व कालावधी विचारा. त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते.

प्रश्न : संध्याकाळी दुचाक्या फूटपाथवरून येतात. बोलार्ड, म्हणजे वाहनं अडवणारे आखूड खांब, लावून थांबतील? (विमाननगर)

उत्तर : मोटारी थांबतील, दुचाक्या नाही. व्हीलचेअरसाठी दोन बोलार्डमध्ये 1.2 मीटर अंतर ठेवावं लागतं आणि त्यातून स्कूटर सहज निघते. अंतर कमी केलं तर अडते ती व्हीलचेअर. दुचाकी चढते कुठून ते शोधा. बहुधा यू-टर्न लांब असतो, म्हणून उलट्या दिशेने येणारा गेटच्या उतारावरून वर येतो. वर सांगितल्याप्रमाणे ते उतार कडेच्या पट्टीतच, आखूड आणि उभे करा, आणि सुटण्याच्या तासाला तिथे वॉर्डन मागा.

प्रश्न : पथारीवाल्यांना हटवल्याशिवाय फूटपाथ मोकळा होणार कसा? (येरवडा)

उत्तर : हजारो माणसं काम करतात तिथे चहा आणि वडापाव लागणारच. गाडी हटवली तरी चार दिवसांत परत येते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीमार्फत जागा ठरवून घ्या, आणि ती पार्किंगच्या पट्टीत मागा. गाडीपुढे उभ्या गिऱ्हाइकांना आणखी मीटरभर लागतो. म्हणून गाडीचं तोंड चालण्याच्या भागाकडे नको, पट्टीच्या लांबीत आडवं हवं.

प्रश्न : हिंजवडीसाठी अर्ज कुठे? (वाकड)

उत्तर : पुणे महापालिकेत नाही. आयटी पार्कच्या आतल्या रस्त्यांसाठी एमआयडीसीकडे जा, बाहेरच्यांसाठी आधी पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे लेखी विचारून घ्या, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.