दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बस

व्हायोलिन शिकवायला लागलास, फार आनंद झाला. आता एक कर: अधूनमधून दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन नुसता बसत जा, आणि त्यांनाही आपल्या वर्गात बोलव. माझ्या एका विद्यार्थिनीचा आवाज वर्षभर करकरत होता. गज (तारांवर फिरवायचा बो) सरळ ओढ, एवढंच मी सांगत राहिले. चेलो शिकवणारी मैत्रीण एकदा वर्गात आली आणि पाच मिनिटांत म्हणाली, "तिचा अंगठा बघ." अंगठा ताठ, गजावर दाबलेला, त्याने मनगटच आखडलं होतं. अंगठा किंचित वाकवला, करंगळी गोल ठेवली, आणि आवाज मोकळा झाला. रोज बघूनही मला ते दिसलं नव्हतं.

विचारताना मोघम विचारू नकोस. 'सूर लागत नाही' यावरून कुणाला काय कळणार? कोणती तार, कोणतं बोट, व्हायोलिन पाऊण मापाचं की पूर्ण, ते सांग. डबल बास, म्हणजे आपल्या घराण्यातलं सर्वांत मोठं वाद्य, वाजवणाऱ्यांचंही ऐक. आपल्या तारा पंचमाच्या (सा ते प) अंतरावर, त्यांच्या मध्यमाच्या (सा ते म), त्यामुळे बोटांचा हिशेबच वेगळा. मुलं एकत्र वाजवणार असतील तर 'ए' हा स्वर ४४० हर्ट्झवर लावायचा की ४४२ वर, हे शिक्षकांनी आधीच ठरवावं.

आणि दुसऱ्याच्या विद्यार्थ्याची पकड सगळ्यांदेखत कधीही दुरुस्त करू नकोस. त्याच्या शिक्षकाला बाजूला घेऊन सांग.