पाचपैकी पाच

"मॅडम, त्याला परत बोलावून घेऊ का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो, आणि बहुतेकदा जानेवारी ते मार्च याच दिवसांत. ऑक्टोबरात विमानतळावर औक्षण करून परदेशी शिकायला पाठवलेली मुलं तोवर दमलेली असतात. साताऱ्याकडच्या एका आईची ही गोष्ट, तिच्या आणि मुलाच्या परवानगीने, ओळख पटेल ते सगळं बदलून सांगते.

मुलगा जर्मनीत, माग्डेबुर्गला मास्टर्स करत होता. तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी नाही, पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटला भरावे लागतात. तेच पैसे मग महिन्याला ९९२ असे मुलाच्या हातात पडतात. 'फुकट शिक्षणा'साठी घर तारण पडतं ते असं.

"दिवाळीपासून धड बोलत नाही," आई सांगत होत्या. "परवा म्हणाला, आई, मला यायचंय. बाबांना सांगू नकोस. आणि मार्क तर बघा किती छान! पाचपैकी पाच. यांनी गल्लीत पेढे वाटले."

मी गप्प बसले. जर्मनीत गुण उलटे चालतात. १.० सर्वांत उत्तम, ४.० काठावर पास, आणि ५.० म्हणजे नापास. पण हे सांगायचा हक्क माझा नव्हता.

मुलाशी व्हिडिओवर बोलणं झालं. थंडी, जेवण, भाषा, कर्ज, सगळं त्याने आधीच पाठ केल्यासारखं सांगितलं. खोटं नव्हतंच ते. पण एवढ्यावर मला काही कळत नाही, म्हणून मी म्हटलं, "कालचा दिवस सांग. तासातासाने."

तीनला लेक्चर संपतं. तो धावत खोलीवर येतो आणि भात लावतो, कारण हिवाळ्यात तिथले साडेचार म्हणजे आपले रात्रीचे नऊ. घरी जेवणं सुरू होतात. आई तांब्याला टेकवून फोन उभा करतात, आणि इकडे हा ताट घेऊन बसतो. तासभर गप्पा. "बरं चाललंय ना?" "हो बाबा, मस्त." डिसेंबरात तिथे चारच्या सुमारासच सूर्य बुडतो. फोन ठेवला की बाहेर मिट्ट काळोख आणि पोट भरलेलं. आठला झोप. पहाटे तीनला जाग, तेव्हा आपल्याकडे साडेसात, की परत आईचा फोन. वर्गातली मुलं अभ्यासाला, स्वयंपाकाला जमायची ती संध्याकाळी सहा-सातला. याने तीनदा नाही म्हटल्यावर त्यांनी विचारणं सोडलं.

पाच महिन्यांत माग्डेबुर्गची एकही संध्याकाळ या पोराने पाहिली नव्हती. तो साताऱ्याच्या घड्याळावर जगत होता. ज्या गावात राहिलाच नाही, त्या गावाला कंटाळून परत यायचं म्हणत होता.

परत येण्याला मी पराभव मानत नाही. काही मुलांना मी स्वतः 'ये' म्हटलंय. झोप पार उडाली, खाणं सुटलं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा सुरू झाली, तर एक दिवसही थांबू नये. तिथल्या विद्यार्थी-सेवा संस्थांकडे बऱ्याच शहरांत मोफत मानसिक समुपदेशन मिळतं, ते लगेच घ्यावं आणि घरीही कळवावं. या मुलाचं तसं नव्हतं. म्हणून निर्णय जुलैच्या परीक्षेपर्यंत बाजूला ठेवला आणि आधी फोनची वेळ बदलली. रोज नाही, रविवारी. त्या दिवशी तिथे दुकानं बंद, रस्ते सुनसान, एकट्याला खायला उठणारा दिवस. तिथले सकाळचे अकरा, आपले दुपारचे साडेतीन.

आई रडल्या. "म्हणजे मी फोन करते म्हणून तो दुःखी आहे?" तसं नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना ते पटवता आलं नाही, हेही कबूल करते.

त्यातच मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे गेली. तो तिथल्या अकराला, म्हणजे साताऱ्यातल्या अडीचला, फोन लावतोय, इकडे सगळे वामकुक्षीत! साडेतीनला आईंनी लावला तर हा बाहेर. संध्याकाळी मला तीन मिस्ड कॉल.

त्याला मी रोज दोन-चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. काय वाटलं ते नको, काय पाहिलं ते. त्यातल्या काही त्याने मला वाचून दाखवल्या:

"रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की २५ सेंट मिळतात. चार बाटल्यांचा एक युरो. आपला भंगारवाला एवढा भाव देत नाही."

"गाडी नव्हती म्हणून लाल दिव्यात रस्ता ओलांडला. एका आजींनी झापलं. शब्द कळले नाहीत, पण आजीचं झापणं कळायला भाषा लागत नाही."

"शाळेच्या पुस्तकात आतली हवा काढून जोडलेले दोन अर्धगोल आणि ते ओढणारे घोडे होते. १६५७ मध्ये सोळा घोड्यांनाही ते सुटले नाहीत, तो प्रयोग इथलाच. करणारा ऑटो फोन गेरिके इथला महापौर. त्याच्या पुतळ्याजवळून ट्रामने पाच महिने जातोय. आज उतरलो."

'आज उतरलो' ऐकून मी त्या रात्री शांत झोपले.

५.० चं त्याने एप्रिलमध्ये स्वतःच सांगितलं. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनदा बसता येतं, पहिल्यांदा अडकणारे तिथलेही असतात, हे त्याला सोबतच्या मुलांकडून कळलं होतं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेढे वाटले होते रे मी." आणि थोड्या वेळाने, "दुसऱ्यांदा नापास झालास तर मला परवडायचं नाही."

जुलैचा निकाल अजून यायचाय. परत येणार की राहणार, ते त्याने ठरवलेलं नाही. परवा आई येऊन गेल्या. आता बऱ्या आहेत. निघताना म्हणाल्या, "रविवारी पोटभर बोलतो हो. बाकीचे दिवस जेवताना तांब्या नुसताच समोर असतो."