मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) केलेला आमच्या गावाचा विकी हुबेहूब विकिपीडियासारखा दिसतो. रंग, फॉन्ट, लोगो कसे बदलायचे? स्किनच्या, म्हणजे विकीचं बाह्यरूप ठरवणाऱ्या, फाइलींमध्ये बदल करावे लागतील का?

स्किनच्या फाइलींना अजिबात हात लावू नका. मी लावला होता. आमच्या गिर्यारोहण मंडळाचा गडकोटांच्या नोंदींचा छोटा विकी मी सांभाळतो. सुरुवातीला उत्साहाच्या भरात व्हेक्टर या आमच्या विकीच्या स्किनच्या फोल्डरमध्ये शिरलो आणि तिथलंच सीएसएस (रंग, फॉन्ट, मांडणी ठरवणारे नियम) बदललं. चार महिन्यांनी अपग्रेड केलं, नव्या फाइली जुन्यांवर बसल्या आणि विकी पुन्हा जैसे थे. बदलांची प्रत ठेवली नव्हती, हे सांगायला नकोच.

खरी जागा विकीच्या आतच आहे: 'मीडियाविकी:कॉमन डॉट सीएसएस' हे पान. (इथे देवनागरीत लिहितोय, शोधताना रोमनमध्येच टाका.) इतर पानांसारखंच ते संपादित होतं आणि त्याला इतिहास असतो, म्हणजे बिघडलं तर कालची आवृत्ती परत आणता येते. त्यातले नियम सगळ्या स्किनना लागतात. एकाच स्किनपुरता बदल हवा असेल तर 'कॉमन'च्या जागी त्या स्किनचं नाव घालून वेगळं पान करा. पानावर 'संपादन' दिसत नसेल तर घाबरू नका, 1.32 आवृत्तीपासून नुसतं प्रचालक (अ‍ॅडमिन) असून भागत नाही, 'इंटरफेस प्रशासक' गटात असावं लागतं. विकी बसवताना तयार झालेलं पहिलं खातं त्या गटात असतंच.

लोगोसाठी सीएसएसची कसरत करू नका. सर्व्हरवरच्या लोकलसेटिंग्ज फाइलीत त्याची सोय आहे, मूळ स्किनही तिथेच ठरते.

आता रंगांच्या आधी अक्षरांकडे बघा, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हेक्टर स्किन रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली आहे. व्हेक्टरमधल्या शीर्षकांना जॉर्जियासारखे फॉन्ट सांगितलेले असतात. जॉर्जियात देवनागरी नाहीच, त्यामुळे वाचकाच्या यंत्रात जो फॉन्ट हाती लागेल तो ब्राउझर उचलतो. मी नोटो सॅन्स देवनागरीची फाइल आमच्याच सर्व्हरवर ठेवली आणि मजकूर, शीर्षकं दोन्हींना तोच फॉन्ट दिला. ओळींमधलं अंतरही वाढवा. आमच्याकडे 'मुल्हेर-मोऱ्याची भटकंती' असलं लांब शीर्षक मोबाईलवर दोन ओळींत गेलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला टेकायचा. आता मजकुराला 1.7 आणि शीर्षकांना 1.5 लाइन-हाइट आहे.

शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) मात्र देऊ नका. शिरोरेषा तुटते आणि 'रायगड'चे दात पडल्यासारखे दिसतात. तसंच इंग्रजी विकिपीडियावरून आणलेल्या साच्यांमध्ये (टेम्प्लेट्समध्ये) तिरका मजकूर असतो. देवनागरीत तो ओढूनताणून कलंडलेला दिसतो, म्हणून मी तो सरळ करून टाकला.

आणखी एक, फारसं कुणी सांगत नाही ते: लोकलसेटिंग्जमध्ये विकीची भाषा मराठी ठेवा. नुसते मेन्यू मराठी होतात असं नाही. पानावर मराठीची खूण लागते आणि नोटोसारखा फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो. एरवी हिंदी वळणाचा ल बघून आमचे एक ज्येष्ठ सभासद दर बैठकीत कुरकुरायचे.

रंग सगळ्यात सोपे. ब्राउझरमध्ये त्या भागावर उजवी क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा, क्लासचं नाव बघा, नियम लिहा.

जतन करूनही बदल दिसला नाही तर लगेच नियम बदलत सुटू नका, पाचेक मिनिटं थांबून ब्राउझरची कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करा. लॉगिन आणि पसंतीच्या पानांवर तर हे सीएसएस सुरक्षेसाठी मुद्दाम लागू केलेलं नसतं. तिथला रंग का बदलत नाही, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

आणि एकदा मेन्यूतला एक टॅब लपवायला गेलो तर 'संपादन'च गायब झालं. असं झालं तर पानाच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन 'सेफमोड=1' जोडा (हेही रोमनमध्ये). तुमचं सीएसएस बाजूला ठेवून पान उघडतं, मग आत जाऊन चुकीचा नियम खोडा.