स्वतः बांधलेल्या बोटीला बांधणीचं सर्टिफिकेट लागत नाही, हे खरंय. पण ती पाच वर्षं नीट मोजा

तुम्ही लिहिलंय की बर्मिंगहॅमला नोकरी लागलीये, तिथलं घरभाडं झेपणार नाही, म्हणून कालव्यावरच्या नॅरोबोटीचा, म्हणजे लांब, अरुंद बोटीचा, रिकामा पोलादी सांगाडा विकत घ्यायचा, आतलं सगळं स्वतः करायचं आणि बायको-मुलीसह तिच्यावरच राहायचं. मालवणात वडिलांच्या हाताखाली होड्या बांधल्यात, तेव्हा कामाची भीती नाही. स्वतःसाठी बांधलेल्या बोटीला सुरक्षेचं सर्टिफिकेट लागत नाही ना, एवढंच विचारलंत. ताई म्हणालात, म्हणून सगळंच लिहिते. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

व्हिसा, पगाराची अट वगैरे सरकारी संकेतस्थळावर ताजं मिळेल. ते सोडते.

ब्रिटनमध्ये विक्रीसाठी बांधलेल्या अडीच ते चोवीस मीटर लांबीच्या बोटीला 2017 चे रिक्रिएशनल क्राफ्ट रेग्युलेशन्स, म्हणजे हौशी वापराच्या बोटींचे नियम, लागू होतात. युरोपीय संघाच्या 2013 च्या निर्देशातूनच ते आले. बोट किती वारा, किती लाट सोसेल त्यावरून अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. कालव्यावरची बोट बहुधा ड मध्ये, म्हणजे शांत पाण्याची. बांधणाऱ्याने स्थिरता, इंधन, गॅस, वीज यांची कागदपत्रं करायची, बोटीवर पाटी आणि चौदा अक्षरं-आकड्यांचा क्रमांक घालायचा. स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या बोटीला यातून सूट आहे. अट एकच, पाण्यात वापरात आल्यापासून पाच वर्षं ती विकायची नाही. मोजणी पोलाद घेतल्या दिवसापासून होत नाही. नारळ वाढवून पाण्यात घालाल आणि वापरू लागाल, तिथून ती सुरू होते.

पण कालव्याचा परवाना हा वेगळा मामला आहे. त्यासाठी विमा आणि बोट सेफ्टी स्कीम या बोटींच्या सुरक्षा-तपासणी योजनेचं प्रमाणपत्र लागतं, ते दर चार वर्षांनी नवं करायचं. स्वतः बांधली म्हणून यातून सुटका नाही. गंमत बघा, 13.7 मीटरपेक्षा लहान खासगी बोट समुद्रात नेली, तर जीवनरक्षक आणि आग विझवायच्या साधनांची सक्तीची यादीसुद्धा लागू होत नाही. आणि कंबरभर पाण्याच्या कालव्यावर तपासनीस बॅटरीचं टर्मिनल झाकलंय का तेही बघतो. मला ते पटतं. कालव्यावर बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात, एकीचा भडका दुसरीला लागतो. ही तपासणी मुख्यतः त्यासाठीच आहे. तुमची बोट बुडणार नाही याची हमी ती देत नाही.

गॅसकडे जिवापाड लक्ष द्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली उतरतो, आणि बोटीत खाली म्हणजे तळाशी साठतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद हवा आणि त्याच्या तळातलं भोक पाण्याच्या पातळीच्या वर, थेट बाहेर उघडणारं हवं. एप्रिल 2019 पासून राहायच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. खासगी बोटीत हवेशीरपणाची तपासणी मात्र नुसता सल्ला म्हणून लिहितात. तुम्ही तो हुकूम समजा. थंडीत रात्रभर शेगडी पेटती ठेवून तुमची मुलगी तिथे झोपणार आहे.

आता मला खरं जे सांगायचंय ते. परवान्यासाठी कायम नांगरायची जागा तरी दाखवावी लागते, नाहीतर फिरत राहावं लागतं. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार फिरत्या बोटीला वाजवी कारण नसेल तर एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. राहण्याची परवानगी असलेल्या जागा कमी आणि महाग, म्हणून आम्ही फिरते झालो. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी गेले, तर पत्त्याचा पुरावा म्हणून कौन्सिल टॅक्सचं (म्हणजे तिथल्या घरपट्टीचं) बिल किंवा भाडेकरार मागितला. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. बोटीचा परवाना होता, विमा होता, सुरक्षेचं प्रमाणपत्र होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी ते कागद न उघडता परत सरकवले. ज्या शाळेवरून आमची बोट जायची तिथे तेव्हा जागा रिकामी होती, हे मला नंतर दुसऱ्या एका आईकडून कळलं. अजून ते घशाखाली उतरत नाही. मुलगी किती तरी आठवडे बोटीतच होती. घडीच्या टेबलावर मी अपूर्णांक शिकवायचे आणि फोनवर सासूबाईंनी शाळेचं विचारलं की विषय बदलायचे. शेवटी जागा मिळाली ती दोन बस बदलून जायच्या शाळेत. आम्ही पुढे सरकलो की शाळा आणखी लांब.

मग ठरवलं, बोट विकायची आणि शाळेजवळ भाड्याने राहायचं. सगळी बचत त्या पोलादात होती. पण पाच वर्षं झाली नव्हती. त्याआधी विकायची तर अधिकृत संस्थेकडून बांधणीनंतरचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि ते करणारा आराखडे मागतो, स्थिरतेची आकडेमोड मागतो, तक्तपोशीच्या मागे वायर कुठून गेलीये ते विचारतो. सगळं पुन्हा उघडायचं. खर्चाचा अंदाज ऐकून नवरा नुसता बसून राहिला. आम्ही थांबलो. पाच वर्षं पुरी होईतो मुलीची प्राथमिक शाळा संपली होती. आता ती मोठी झालीये, त्या दिवसांबद्दल प्रेमाने बोलते. ते ऐकून मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

म्हणून सांगते, सूट असली तरी बोट नियमांप्रमाणेच बांधा. सांगाडा देणाऱ्याकडून त्याच्या कामापुरतं लेखी घोषणापत्र घ्या, पोलादाची जाडी लिहून घ्या. फोम मारायच्या आणि तक्तपोशी चढवायच्या आधी प्रत्येक भागाचे फोटो काढा. वायरिंगचा नकाशा काढून ठेवा. इंधनाच्या आग सोसणाऱ्या नळ्यांवर आयएसओ 7840 हे मानक छापलेलं असतं, ते दिसेल अशा नळ्या बसवा. पावत्या टाकू नका. उद्या मधेच विकायची वेळ आली, तर ही फाइलच कामाला येईल.

एकटेपणाचं म्हणाल, तर तो येतो, जातो. गणपतीत मराठी माणसं भेटतात, कालव्यावरचे शेजारी मध्यरात्रीही दोर धरायला धावतात. त्याची काळजी करू नका.

काळजी पत्त्याची करा. पोलादाची ऑर्डर देण्याआधी राहण्याची परवानगी असलेली जागा शोधा, तिथून कौन्सिल टॅक्सचं बिल मिळेल का ते लेखी विचारा. प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गासाठी अर्जाची मुदत 15 जानेवारी असते, पण तुमची मुलगी सात वर्षांची, म्हणजे वर्षाच्या मधला प्रवेश. त्यात जिथे जागा रिकामी असेल तिथेच घेतात. तिथल्या कौन्सिलला आत्ताच ईमेल करा. जागेचं नाव कळलं की मला लिहा, त्या बाजूला आम्ही बराच काळ होतो.