नव्या बुटांना खोल घड्या: पॉलिशच्या आधी माप बघा

तुमच्या पोस्टच्या पहिल्या चार ओळींतच आजार ओळखीचा वाटला. तपकिरी डर्बी बूट (लेसच्या दोन पाकळ्या वरून शिवलेल्या, मोकळ्या उघडणाऱ्या), आठवडाभराचा वापर, चवड्यावर नख बसेल इतकी खोल घडी, डाव्या बुटाला जास्त. आणि वर दुकानदाराचं 'खरं लेदर असंच असतं' हे उत्तर. शेवटी तुमचा प्रश्न, इस्त्रीने घडी जाईल का. याच त्रासात माझाही बराच पैसा गेलाय, म्हणून जरा लांबण लावतो. रोज ब्रश मारा, उन्हात वाळवू नका वगैरे तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालतो.

दुकानदार अर्धं खरं बोलतो. घडी येणारच. चालताना टाच उचलली की बूट चवड्याशी वाकतो, वरचं चामडं तिथे दाबलं जातं आणि त्याला कुठेतरी जावंच लागतं. पाय आणि चामडं यांच्यात जागा नसेल तर ते बारीक बारीक सुरकुत्यांत वाटलं जातं. मोकळी जागा असेल तर सगळं चामडं गोळा होऊन एकाच घडीत खाली बसतं. तुमची ती नख बसणारी घडी म्हणजे बुटाच्या आतली रिकामी जागा आहे. क्रीम, पॉलिश, शू-ट्री (बुटात घालून ठेवायचा पायाच्या आकाराचा लाकडी साचा) हे सगळं त्यानंतरचं.

ही रिकामी जागा येते कुठून? आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत लांबीचे नंबर मिळतात, रुंदीचे मिळत नाहीत. रुंद पायाचा माणूस आत शिरला, सातचा बूट बाजूने आवळला, की विक्रेता लगेच आठचा काढतो. यातलं गणित कुणी सांगत नाही. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर लांबी. त्याबरोबर चवड्याचा घेर साधारण पाव इंच वाढतो. रुंदीची एक फिटिंग वर गेलात, म्हणजे एफऐवजी जी घेतलीत, तर घेर तेवढाच वाढतो, लांबी मात्र वाढत नाही. म्हणजे तुम्हाला हवा होता पाव इंच घेर, आणि त्याच्यासोबत साडेआठ मिलिमीटर लांबी गळ्यात पडली.

ती जास्तीची लांबी नुसती बोटांपुढे राहत नाही. बूट ज्या रेषेवर वाकावा म्हणून बनवलेला असतो ती रेषाही पुढे सरकते. तुमचा चवडा मागे, बुटाचा चवडा पुढे. शिवाय पाय आत पुढे-मागे घसरतो, त्यामुळे घडी दर पावलाला थोडी वेगळ्या जागी दाबली जाते आणि एकीच्या दोन होतात. तुमच्या फोटोत दोन आडव्या घड्या आणि त्यांच्यामध्ये फुगवटा दिसतोय, तो बहुधा याचाच.

मला सगळ्यात महाग पडली ती दुकानाच्या काउंटरवरची हीच मापाची चूक. नाव घेत नाही, आणि सगळीच दुकानं तशी असतात असंही म्हणत नाही. पण अंगठ्याने बुटाचं टोक दाबून 'बघा, जागा आहे' म्हणणं म्हणजे माप घेणं नव्हे. टोकाशी जागा असतेच, ती रचनेतच असते. बघायचं असतं टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर. पाय मोजायचं ब्रॅनॉकचं धातूचं यंत्र लांबी, रुंदी आणि टाच ते चवडा अशी तिन्ही मापं देतं. शंभर वर्षांपूर्वीची युक्ती आहे ही. हजारोंचे बूट विकणाऱ्या शोरूममध्ये ते नसतं, असलं तर कपाटाच्या मागे धूळ खात असतं. आणि घडीची तक्रार घेऊन गेलात की 'वापराने आलेली सुरकुती वॉरंटीत बसत नाही' हे छापील वाक्य तयार! चूक मापाची, खापर वापरावर. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, त्यात भारतीय पाय रुंद असतात हेच पुढे आलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धतीही सुचवली गेली. काउंटरवर मात्र अजून 'एक नंबर मोठा घ्या' हेच चालू आहे. असो.

पुढच्या वेळी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, घालणार असाल तेच मोजे घालून जा. बूट घातल्यावर टाच मागे दाबून बसवा, मग लेस बांधा. अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड बोटाने वरून चाचपा. तळाची आतली कड जिथे सर्वात बाहेर आलेली असते, तिथेच ते हाड यायला हवं. त्यापेक्षा स्पष्ट मागे असेल तर बूट लांब आहे, विक्रेता काहीही म्हणो. मग टाच उचलून चवड्यावर उभे राहा आणि चामडं कुठे, कसं वाकतंय ते बघा. डर्बीच्या लेसच्या दोन पाकळ्यांमध्ये नव्या बुटात एक-दीड सेंटीमीटर फट राहावी. नवा असतानाच पाकळ्या एकमेकींना टेकत असतील तर पुढे आवळायला काही उरत नाही. टाच पाच-सहा मिलिमीटर उचलली जात असेल तर घाबरू नका. वेल्ट (तळाच्या कडेची चामड्याची पट्टी) शिवलेला जाड तळ सुरुवातीला वाकत नाही म्हणून तसं होतं, पुढे कमी होतं.

आता जे बूट हातात आहेत त्यांचं बोलू. परत घेत नसतील तर सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे जिभेखाली चिकटवायचं फेल्टचं पॅड, तीनेक मिलिमीटर जाड. ते पायाला मागे टाचेकडे दाबतं, घसरणं थांबतं आणि वरची पोकळी भरते. जाड सोल आत घालायचा सल्ला सगळे देतात, तो मला तितका पटत नाही. त्याने पाय वर उचलला जातो, टाचेची पकड सुटते आणि पुन्हा घसरण सुरू. घालायचाच तर टाचेपर्यंत न जाणारा, फक्त चवड्याखालचा अर्धा पातळ सोल घाला. अर्थात बूट पूर्ण एक नंबर मोठा असेल तर पॅडने थोडा फरक पडेल, जादू होणार नाही.

इस्त्रीबद्दल विचारलंत. ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायचे व्हिडिओ मीही पाहिलेत. करू नका. साली-हिरड्यात कमावलेलं चामडं (कोल्हापुरी चपलांना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात तसं) ओलं असताना सत्तर-पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच आकसतं आणि ताठ, ठिसूळ होतं. ते परत येत नाही. क्रोममध्ये (क्रोमियमच्या क्षारांत) कमावलेलं चामडं जास्त उष्णता सोसतं, पण वरचा रंगाचा थर, आतला गोंद आणि टोकातला ताठ कॅप हे सोसत नाहीत. घडी थोडी कमी दिसेल आणि महिन्याभरात तळ सुटायला लागेल.

त्याऐवजी असं करा. शू-ट्री आत घाला, घड्यांतली धूळ घोड्याच्या केसांच्या ब्रशने आडवी काढा. वाटाण्याएवढं कंडिशनर (चामडं मऊ ठेवणारं क्रीम) दोन्ही घड्यांवर बोटाने चोळा, वीसेक मिनिटं थांबा. मग स्टीलच्या चमच्याची पाठ घेऊन घडीच्या दोन्ही बाजूंनी मधल्या रेषेकडे बेताच्या दाबाने पाच मिनिटं घासा. रात्रभर शू-ट्रीसकट तसंच ठेवा. घडी जाणार नाही, उथळ होईल आणि तिची धार बोथट होईल. नुबक किंवा स्वेड (घासून लव आणलेलं चामडं) असेल तर चमचा अजिबात लावू नका, चकचकीत पट्टा पडेल.

शू-ट्रीबद्दल एकच आग्रह: बूट काढल्यावर लगेच, आतून गरम असतानाच घाला. पायाचा घाम चामड्यात मुरलेला असतो. तंतू ओले असताना ज्या आकारात सुकतील तोच आकार धरतात. घडीसकट सुकले की घडी पक्की. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवण झाली तर उपयोग निम्मा. लाकूड वार्निश न केलेलं हवं, नाहीतर ओल शोषलीच जात नाही. पुढचा भाग दुभंगणारा आणि टाच पूर्ण आकाराची असेल तर उत्तम. स्प्रिंगच्या टोकाला छोटा गोळा असलेले स्वस्तातले मिळतात, ते टाचेला एकाच बिंदूवर दाबून फुगवटा पाडतात. नसेलच काही तर वर्तमानपत्राचे बोळे चालतील, पण ठासून भरायचे, पहिल्या तास-दोन तासांत बदलायचे. अस्तर फिक्या रंगाचं असेल तर आधी साधा कोरा कागद गुंडाळा, शाई उतरते. तेच बूट दुसऱ्या दिवशी घालू नका. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तर एक दिवसाची सुट्टीही कमी पडते. तिथे पंख्याखाली, तळ भिंतीला टेकवून उभे ठेवा म्हणजे तळालाही हवा लागेल. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेत तर बुरशी आलीच.

तेलाचं सांगतो, कारण खालच्या प्रतिसादांत कुणीतरी खोबरेल सुचवलंय. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, थंडीत घड्यांतून पांढरट थर वर येतो. पण मोठा तोटा वेगळा आहे. कुठलंही तेल भरपूर पाजलं की चामडं मऊ पडतं, आणि मऊ चामड्याची घडी आणखी खोल बसते. पुष्कळ लोक घडी दिसली की कंडिशनर वाढवतात आणि बूट पिशवीसारखा लोळायला लागतो. दहा-पंधरा वेळा वापरल्यावर एकदा पातळ हात, बस्स. आणि स्पंज लावलेली झटपट चमकवणारी लिक्विड बाटली चांगल्या चामड्यापासून लांब ठेवा. तिचा थर वाळून कडक होतो आणि घडीतच तडकतो. शाळेच्या बुटांवर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या भेगा बऱ्याचदा याच थराच्या असतात. मेणाच्या पॉलिशचा आरसाही फक्त टोकावर आणि टाचेवर चढवा, कारण तिथे आत ताठ अस्तर आहे. चवड्यावर जाड मेण बसवलंत तर पहिल्या पन्नास पावलांत उकलेल.

नवा जोड घ्याल तेव्हा चामड्याची परीक्षाही करा. चवड्याच्या जागी अंगठ्याने हलकं आत दाबा. बारीक, केसासारख्या सुरकुत्या उठून बोट काढताच विरल्या तर चांगलं. जाड, नळीसारख्या वळ्या उठल्या तर तो तुकडा जनावराच्या पोटाकडचा, सैल तंतूंचा आहे. दोन्ही पाय तपासा, कारण डावा पाठीच्या कातड्यातून आणि उजवा पोटाकडून कापलेला असं होतं. तुमच्या दोन बुटांतल्या फरकाचं हे एक कारण असू शकतं. वरचा दाणा घासून त्यावर जाड रंगाचा थर दिलेलं चामडं दुकानात सर्वात गुळगुळीत दिसतं, पण त्याची घडी पुढे भेग होते. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कॉर्डोव्हनवर सुरकुत्यांऐवजी गोल लाटा येतात, पण त्याची किंमत बघता तो सल्ला मी देणार नाही.

पहिली घडी मात्र आपल्या हाताने पाडता येते. नवे बूट घालून लेस नीट बांधा. गोल पेन्सिल किंवा पेन चवड्याच्या रेषेवर आडवं ठेवा, टोकावर शिवणीची कॅप असेल तर तिच्या पुरेसं मागे. पेन दाबून धरून टाच सावकाश उचला. चामडं पेनाच्या रेषेत वाकतं आणि पुढे तिथेच वाकत राहतं. दोन्ही बुटांवर एकाच अंतरावर करा. झाकण असलेलं, क्लिप असलेलं पेन नको, क्लिपचा ओरखडा जन्मभर राहतो. मग पहिले काही दिवस घरातच तास-दोन तास घाला. बुटात आत घालायचे प्लास्टिकचे 'क्रीज गार्ड' स्नीकरसाठी ठीक असतील. चामड्याच्या बुटात ते घडी फक्त आपल्या कडेपर्यंत ढकलतात आणि तिथे चामडं आतून घासतात.

दोन गोष्टी सुरकुत्यांच्या यादीत कुणी घालत नाही, पण आपल्याकडे त्याच जास्त बूट खातात. एक, दिवसातून पाच वेळा बूट काढणं-घालणं. घर, देऊळ, कुणाचा दिवाणखाना. लेस न सोडता टाच चिरडून पाय कोंबला की टाचेतला ताठ पुठ्ठा मोडतो, पाय मागे धरला जात नाही आणि पुढे घसरून पुन्हा चवड्यावर घडी. खिशात मावेल असा शूहॉर्न ठेवा, लेसची वरची दोन भोकं तरी सोडा.

दुसरी म्हणजे मोटारसायकल. गिअर डाव्या पायाने वर उचलावा लागतो, आणि लिव्हर बुटाला नेमकी टोकामागे दाबते. तुमच्या डाव्या बुटावर चवड्याच्या घडीशिवाय पुढे एक आखूड, आतल्या बाजूला जास्त असलेला चट्टा असेल तर तो मापाचा नाही, लिव्हरचा आहे. वेल्क्रोचं शिफ्ट पॅड मिळतं ते बांधा, किंवा लिव्हरवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. लिव्हर थोडी वर सरकवून घेतली तर बूट खाली जास्त सहज जातो. हे मात्र गॅरेजवाल्याला विचारून करा, तुमच्या गाडीत तेवढी जागा आहे का ते मला इथून दिसत नाही.

डाव्या बुटाचा वरून एक आणि पाय आत असताना बाजूने एक फोटो टाका. बाजूच्या फोटोत अंगठ्याच्या हाडाच्या जागी पांढरी चिकटपट्टी लावा, म्हणजे बूट लांब आहे की नुसता सैल, ते बघता येईल.