टॉनिक नंतर, आधी लसीचं पाणी पाहा

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ब्रॉयलर कोंबड्यांना ७व्या दिवशी लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस) डोळ्यात, १४व्याला गंबोरो रोगाची लस, २१व्याला परत लासोटा पाण्यातून. वरून हळद-लसूण-अश्वगंधाचं लिक्विड रोज. तरी २८व्या दिवशी माना वाकड्या होऊन मर लागली, आणि तुम्ही विचारून राहिले की टायटर (लसीने रक्तात किती प्रतिकारशक्ती आली त्याचं माप) वाढवायला याहून जोरदार टॉनिक कोणतं. माझ्या ८०० पक्ष्यांच्या लॉटला अगदी हेच झालं होतं. ३१० गेले.

तेव्हा मीही टॉनिकच बदलत बसलो. कडुनिंबाचा काढा, मग शेवग्याचा पाला, मग दुकानदाराने दिलेली महागडी बाटली. चूक भलतीकडेच होती. बूस्टरच्या सकाळी मी लस ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात कालवली. पावसाळ्याचे दिवस, आदल्या संध्याकाळीच टाकीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची, क्लोरीनवाली) पडली होती. बादलीला वास येत होता, मला तो आलाही होता, पण पाणी शुद्ध आहे म्हणून उलट बरं वाटलं! लासोटा म्हणजे जिवंत विषाणू. तो पक्ष्याच्या अंगात वाढला तरच अंग त्याच्याविरुद्ध तयार होतं. क्लोरीनने तो बादलीतच मेला. त्यात मजुरी वाचवायला काढाही त्याच पाण्यात ओतला होता.

मेलेले दोन पक्षी घेऊन तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. आज नमुने घेत नाही, बुधवारी या, असं सांगितलं. बुधवारी गेलो तर म्हणे ब्रॉयलर तुमचा धंदा आहे, पिल्लं देणाऱ्यालाच विचारा. त्या चार दिवसांत शंभरावर पक्षी गेले, त्याचा राग अजून जात नाही. शेवटी नागपूरला वेटरनरी कॉलेजात नेले. तिथे पक्षी फाडून जठरावरचे रक्ताचे ठिपके दाखवले, मानमोडी म्हणून सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लस कोणत्या पाण्यात दिली?"

आता मी बोअरचं, काहीही न घातलेलं पाणी घेतो. त्यात लिटरला ५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर, अर्ध्या तासाने लस. पक्ष्यांना आधी तासभर तहानेलं ठेवतो, पण आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढंही नको, म्हणून पहाटे पाचलाच देतो. दोन तासांत पाणी संपलं पाहिजे. लसीसोबत निळा रंग मिळतो तो घाला आणि पक्षी धरून चोच उघडून पाहा. जीभ निळी नसेल तर तो प्यायलाच नाही. मी शेडच्या चारही कोपऱ्यांतले पाहतो, कारण दबलेले पक्षी ड्रिंकरपर्यंत पोचतच नाहीत. लसीच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात काढा, औषध, सॅनिटायझर काही नाही. आणि लस बर्फाच्या डब्यातच आणा, खिशात नाही.

वनस्पती वाईट आहेत असं मी म्हणत नाही. लसूण, हळद, काळं जिरं यांनी काही प्रयोगांत टायटर थोडं चढलं, काहींत फरकच पडला नाही. मी आजही खाद्यात हळद देतो. पण लस पाण्यातच मेली असेल तर हळद कशाला वाढवणार? बुरशी लागलेला मका तर टॉनिकचा सगळा पैसा पाण्यात घालतो, अंगाची ताकदच मारतो. गंबोरो नीट बसली नसेल तरी तेच. तो रोग बर्सा (पक्ष्याला रोगाशी लढायला तयार करणारी ग्रंथी) खातो, मग पुढची लासोटा घेणारं अंगच उरत नाही.

मी डॉक्टर नाही. मानमोडी अंगात असताना आपल्या मनाने परत लस देऊ नका. आणि अचानक एवढी मर बर्ड फ्लूमध्येही दिसते, म्हणून डॉक्टरला कळवाच. तोवर मेलेले पक्षी नाल्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

२१व्या दिवशी पाणी कुठलं होतं आणि लस कशात आणली, तेवढं लिहा. मी रात्री पाहतो.