मुलगी साडेतीन वर्षांची. मॉन्टेसरी शाळेत सगळं स्वतः करते, घरी मात्र भरवावं लागतं. घरीही मॉन्टेसरीचं साहित्य आणावं का?

साहित्य आणू नका. त्यापेक्षा शाळेतल्या ताई पाणी ओतणं, ताट उचलणं कसं दाखवतात ते एकदा वर्गात बसून बघा आणि घरी तसंच करा. गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायचे लहानमोठे गुलाबी ठोकळे, घरीही असला की शाळेतलं त्याचं अप्रूप जातं, हा बालवर्ग शिकवतानाचा माझा अनुभव. घरी हवं काय, तर तिला पेलेल असा छोटा तांब्या, फुलपात्र आणि तुमची दहा मिनिटं. ताई फारसं न बोलता, सावकाश दाखवतात. आपण 'अगं, सांडेल!' म्हणत तांब्या काढून घेतो, तिथेच गाडं अडतं. सांडलं तर फडकं द्या, पुसू दे तिला.

घरचंही ताईंना कळवत जा: झोप नीट झाली नाही, आजी गावाला गेली. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत ही पद्धत सुरू करणाऱ्या मारिया मॉन्टेसरीबाईंचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, निघालं, तिथल्या नियमांतसुद्धा मुलांच्या आईंना आठवड्यातून एकदा तरी शिक्षिकेशी बोलण्याची सोय होती.

फक्त सकाळी रिक्षावाले काका दारात उभे असतील तेव्हा खुशाल भरवा. रात्रीचं जेवण तेवढं रोज तिच्या हाती राहू द्या.